विचारपूस
ग्रामीण रुग्णालयातील मनोविकारशास्त्राच्या प्रशिक्षणाची तीन वर्षे

आमचे घर निर्व्यसनी, याचा आजोबांना मोठा अभिमान होता. तालुक्याच्या गावी आमचे किराणा दुकान. त्या काळी किराणा दुकानात विडीकाडी आणि तंबाखूच्या पुड्या असणे ही अगदी नित्याची गोष्ट. परंतु आजोबांनी त्या कधी फळीवर ठेवू दिल्या नाहीत. "त्या पैशावर आपली चूल पेटायला नको," असे ते म्हणत. पाठशाळेत सप्तव्यसनांची नावे आम्ही पाठ केली ती ओळीने म्हणून दाखवण्यासाठी. त्या नावांमागे माणसे असतात, हे कधी मनात आले नाही. व्यसन ही नेहमी दुसऱ्यांच्या घरातील गोष्ट होती.

त्यामुळे मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ऊसपट्ट्यातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रवेश मिळाला आणि पहिलीच नेमणूक व्यसनमुक्ती कक्षात झाली, तेव्हा मी मनातून खट्टू झाले. मला मनाचे आजार शिकायचे होते, दारुड्यांची समजूत घालायची नव्हती. हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा माझ्या मनात नेमके हेच होते. गेल्या वर्षी ते प्रशिक्षण पूर्ण झाले. त्या तीन वर्षांत औषधांची नावे आणि मात्रा शिकले, परीक्षा दिल्या, प्रबंध लिहिला. परंतु वाचकांना सांगावेसे वाटते ते त्याहून साधे आहे. माणसाला प्रश्न कसा विचारायचा, हे मी तिथे शिकले. आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत घरातले वडीलधारे कशी मोजतात, हेही पाहिले.

खाट क्रमांक अकरा

दुसऱ्या महिन्यातील एका रात्री अस्थिरोग कक्षातून बोलावणे आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा बांधावरून घसरून पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियाही झाली होती. दाखल झाल्यापासूनची ही तिसरी रात्र. संध्याकाळपासून त्यांनी सलाईनची सुई दोनदा उपसली होती. चादरीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या ते झटकत होते आणि फार वर्षांपूर्वी विकलेल्या बैलांना नावाने हाका मारत होते.

"वय झालं मॅडम. डोक्यावर परिणाम झालाय," थोरला मुलगा म्हणाला. "आधीपासून विसरतात का?" मी विचारले. "थोडंफार," तो म्हणाला. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती पाहिल्यावर दारूविषयी विचारण्याचे मला सुचलेदेखील नाही. केसपेपरवर मी लिहिले: वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंश, शस्त्रक्रियेनंतर वाढ.

अर्ध्या तासाने आमच्या वरिष्ठ डॉक्टर आल्या. त्यांनी माझी नोंद वाचली, काही बोलल्या नाहीत. आजोबांचा हात हातात घेतला. हात थरथरत होता, तळवा घामाने ओला होता, नाडी मिनिटाला एकशे तीस. मग त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या. तिथे आजोबांची सून जेवणाचा डबा घेऊन बसली होती. डॉक्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि सहज बोलावे तसे विचारले, "आबा संध्याकाळी जेवणाआधी काय घेतात?"

तिने एकदा दिराकडे आणि नवऱ्याकडे पाहिले, पदर तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाली, "रोजची एक क्वार्टर. कधी दीड. माळ घातल्यावर दोन वर्षं सोडली हुती. आत्याबाई गेल्या आन् परत सुरू झाली." "शेवटची कधी घेतली?" "पडले त्या दिवशी."

निदान त्या एका प्रश्नात झाले. अनेक वर्षे रोज दारू मिळालेल्या मेंदूला तिच्या दडपणाची सवय होते. ते दडपण एकाएकी निघून गेले, की मेंदू बेफाम होतो. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. साधारण दोन दिवसांच्या आत काहींना झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्ण पूर्ण संभ्रमावस्थेत जातात. त्यांना नसलेल्या गोष्टी दिसतात, ओळख पटत नाही, नाडी आणि ताप वाढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ही अवस्था जीव घेऊ शकते. दारूमुळे ज्यांचे शरीर आधीच पोखरलेले आहे आणि ज्यांच्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, अशा वृद्धांच्या बाबतीत तर धोका अधिक.

त्या रात्री आजोबांना आधी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ दिले गेले, ग्लुकोज नंतर. हा क्रम का, हे मला तिथेच खाटेपाशी शिकवले गेले. दारूने पोसलेल्या शरीरात थायमिनचा साठा संपलेला असतो. अशा वेळी नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला मेंदूचा आजार तो हाच. त्यानंतर लोराझेपाम, मोजून, दर थोड्या वेळाने तपासत. यकृत दुबळे असले तरी हे औषध शरीराला तुलनेने पेलते, म्हणून ते निवडले.

पाचव्या दिवशी सकाळी आजोबांनी डोळे उघडून सुनेला विचारले, "म्हशीची धार कोण काढतंय?" सून रडू लागली.

माझी चुकीची नोंद मला फाडू दिली गेली नाही. "तिच्यावर एकच रेघ मार, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. सही कर आणि खाली बरोबर ते लिही," असे वरिष्ठांनी सांगितले. दवाखान्यातील नोंदींचा तो नियमच आहे. पण त्या दिवशी तो मला नियमाहून मोठा वाटला.

तीन वर्षांत काय शिकवतात

मनोविकारशास्त्राचा एम.डी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. निवासी डॉक्टर म्हणजे अक्षरशः रुग्णालयात राहणारा डॉक्टर. सकाळी वॉर्डातील राऊंड, मग बाह्यरुग्ण विभाग, दुपारी इतर विभागांतून आलेली बोलावणी, रात्रपाळी आणि या सगळ्यातून वेळ काढून अभ्यास. देशातील पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या यंत्रणेत काम करणेही सक्तीचे आहे. त्यात आम्ही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर तालुक्यातालुक्यांत फिरत असू.

या प्रशिक्षणाची गरज आकडे स्पष्ट करतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. दारूच्या विकाराने ग्रस्त असलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. दिल्लीच्या एम्स संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळतात. दुसरीकडे साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढील सुमारे ७१ टक्के लोक खेड्यांत राहत होते. मानसोपचारतज्ज्ञ मात्र लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत.

व्यसन आणि वार्धक्य हे दोन वेगळे विषय आहेत, असे पुस्तकांच्या प्रकरणांवरून वाटते. ग्रामीण रुग्णालयात ते एकाच खाटेवर भेटतात. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तीच मात्रा, जी चाळिशीत पचत होती, ती सत्तरीत रक्तात अधिक भिनते. तोल जातो, हाड मोडते, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांशी तिचा विरोध होतो. अनेकांचे पिणे तर निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर वाढते. घरचे म्हणतात, आता या वयात कशाला त्यांना बोलायचे. त्या सौजन्यापोटी आजार लपून राहतो.

शब्द बदलला की उत्तर बदलते

आरोग्य केंद्रातील शिबिरात एका सत्तरीच्या आजींना मी विचारले, "आजी, तंबाखू खाता का?" त्या चांगल्याच दुखावल्या. "मी कशाला तंबाखू खाऊ? पुरुष माणसं खातात ती." शेजारच्या आरोग्यसेविकेने मला खुणावले आणि विचारले, "आजी, दात कशानं घासता?" "मिश्रीनं," आजी म्हणाल्या. "दिवसातनं किती वेळा?" "पाच-सहा वेळा. त्याबिगर सुचतच न्हाई."

मिश्री म्हणजे भाजून वाटलेला तंबाखूच. पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी वृद्ध स्त्रियांच्या लेखी ते व्यसन नसून दंतमंजन असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखूचा वापर करतात, असे आढळले. माझ्या पहिल्या प्रश्नाने त्या आजींची नोंद 'तंबाखूचे व्यसन नाही' अशी झाली असती.

स्मरणशक्ती तपासण्याचेही तसेच आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची एक प्रसिद्ध चाचणी आम्हाला शिकवली जाते. तिच्यात वाचायला, लिहायला, वजाबाकी करायला सांगतात. कधी शाळेत न गेलेल्या आजीला त्यात कमी गुण पडले, तर तो दोष स्मृतीचा की शाळेचा? याच अडचणीतून हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी त्या चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले. आम्ही तारखेऐवजी तिथी विचारत असू, महिन्याऐवजी चालू असलेले पीक, वाराऐवजी आज बाजार कोणत्या गावाला. आणि घरच्यांना विचारत असू: आजी भाकरीला मीठ दोनदा घालतात का, आजोबांना नोटा ओळखता येतात का, शेतावरून परतीची वाट सापडते का.

व्यसनी माणसाशी बोलण्याची पद्धत तर मला मुळापासून बदलावी लागली. मी उपदेश करीत असे. "मुलाबाळांचा विचार करा," असे म्हणत असे. समोरचा मान डोलावी आणि रुग्णालयातून सुटल्यावर फाटकाबाहेरच्या दुकानात जाई. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली मुलाखतीची एक पद्धत आम्हाला शिकवली गेली. तिचे सार असे, की बदलाची कारणे डॉक्टरने सांगायची नाहीत, ती रुग्णाच्या तोंडून येऊ द्यायची. "दारूतून तुम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला, तेव्हा मला तो पापच वाटला. समोर बीड जिल्ह्यातून आलेला ऊसतोड कामगार होता. तो म्हणाला, "पाठ दुखायची थांबते. पहाटे चारला कोयता घेऊन फडात उतरायचं असतं." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "पण उचल फिटत न्हाई. निम्मी ह्यातच जाती." माझ्या दहा उपदेशांत हे वाक्य कधी आले नव्हते.

त्याचे उपचार सुरू झाले, पण गळीत हंगाम संपला की हे कुटुंब गावी परतणार, हे ठरलेले. त्यामुळे त्याच्या कागदांवर आम्ही त्याच्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी जोडली, पाठदुखीचा उपचार वेगळा लिहिला आणि पुढची तारीख त्याच्या गावच्या बाजाराचा दिवस पाहून दिली. औषधाइतकीच ही जुळवाजुळवही उपचाराचा भाग आहे, हे शहरातील रुग्णालयात कदाचित कळले नसते.

एका गोष्टीविषयी मात्र वाचकांना बजावून सांगावेसे वाटते. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशीच एक बिनानावाची पूड एका बाईंनी नवऱ्याच्या आमटीत घातली. संध्याकाळी तो प्यायला आणि तासाभरात चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली गेलेला, अशा अवस्थेत आमच्याकडे आला. त्या पुडीत काय होते हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण लक्षणे डायसल्फिरामची होती. दारूबरोबर असा त्रास होतो हे डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी १९४८ मध्ये जगापुढे मांडले आणि तेव्हापासून ते औषध वापरात आहे. परंतु ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि हृदय-यकृताची तपासणी करूनच द्यायचे असते. हृदयविकार असलेल्या वृद्धाला ते चोरून देणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या बाईंना आम्ही दोष दिला नाही. सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर त्या त्या पुडीपर्यंत पोहोचल्या होत्या.

आणि अकरा क्रमांकाच्या खाटेवरचे आजोबा? ते काठी टेकत पाठपुराव्याला येत. पाच आठवडे त्यांनी घेतली नाही. बेंदराच्या दिवशी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख नसताना आले आणि म्हणाले, "काल घेतली. सांगायला आलो." मी निराश झाले होते; वरिष्ठ डॉक्टर मात्र खूश होत्या. पूर्वी हा माणूस पुन्हा प्यायला असता तर लपून राहिला असता. यावेळी तो एका दिवसात परतला होता. व्यसन हा मधुमेहासारखा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. साखर एकदा वाढली म्हणून आपण मधुमेह्याला घराबाहेर काढत नाही. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही दारू आणि मादक पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मनोविकारांत केलेला आहे.

घरचा केसपेपर

आता जे लिहिणार आहे, त्यासाठी वडिलांची परवानगी घेतली आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला चार दिवस घरी गेले होते. आज्जी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. न्हाणीघरात त्या दोनदा पडल्या होत्या. दूध चुलीवर ठेवून विसरत, तोच प्रश्न तीनदा विचारत. दुपारीही डुलक्या घेत. "म्हातारपण," वडील म्हणाले. त्या संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी, चौविहाराच्या वेळेला, आज्जींनी एका जुन्या बिस्किटाच्या डब्यातून गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. वरिष्ठांचाच प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला, "आज्जी, संध्याकाळी काय घेता?"

"झोपेची गोळी. तुझे आजोबा गेल्यापासून."

आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. डब्यात अल्प्राझोलामच्या सात पट्ट्या होत्या. मूळ चिठ्ठी पाव मिलिग्रॅमची आणि पंधरा दिवसांची होती. पुढे ती अर्ध्यावर गेली, मग एकवर. हे औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही, विकल्याची नोंदही दुकानात ठेवावी लागते. पण ओळखीच्या औषध दुकानातून दर महिन्याला पट्ट्या येत राहिल्या. गोळी सूर्यास्ताआधी घेतल्याने सातच्या सुमारास प्रतिक्रमणाला बसल्या बसल्या आज्जींना पेंग येई आणि औषधाचा अंमल ओसरला की पहाटे दोनला जाग येई. झोप अपुरी म्हणून मात्रा वाढे. पर्युषणात उपवासाच्या दिवशी त्या गोळी घेत नसत. त्या दिवशी हात कापत, छातीत धडधडे, रात्रभर डोळा लागत नसे. आम्ही सगळे त्याला उपवासाचा थकवा समजत होतो. मीही. अकरा क्रमांकाच्या आजोबांचा थरथरता हात मी पाहिला होता, तरी आज्जीचा हात मला तेव्हा आठवला नव्हता.

मी वडिलांना सांगितले, तेव्हा ते संतापले. "आपल्या घरात व्यसन? तिथे राहून तुला आता सगळीकडे तेच दिसायला लागले आहे." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आज्जींचा काहीही दोष नव्हता. त्यांनी एका डॉक्टरने दिलेली गोळी मुलाने आणून दिली तशी घेतली होती. पण शरीराला हे कळत नाही. दारू आणि ही गोळी मेंदूच्या जवळजवळ त्याच कुलपावर काम करतात. एकाएकी थांबवली तर हीसुद्धा झटके आणू शकते. वृद्धांमध्ये ती पडणे, हाड मोडणे आणि विस्मरण वाढवते, म्हणून जगभरातील वार्धक्यचिकित्सक ती शक्यतो टाळावी असे सांगतात.

घरच्या माणसावर स्वतः उपचार करू नयेत, हा आमच्याकडचा दंडक. दिवाळीनंतर आज्जींना आमच्या वरिष्ठ डॉक्टरांकडे नेले. रक्ततपासणीत जीवनसत्त्व ब-१२ फारच कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूधदुभते कमी झालेल्या शाकाहारी वृद्धांत त्याची उणीव नेहमी आढळते. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे चालू असलेल्या पित्ताच्या गोळ्या तिच्यात भर घालतात. या उणिवेनेही विसराळूपणा येतो आणि तो बऱ्याचदा सुधारता येतो. थायरॉईडचा विकार, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेले रक्त हीसुद्धा अशीच कारणे आहेत. 'म्हातारपण' हा शब्द उच्चारण्याआधी ती तपासून घ्यायची असतात.

अल्प्राझोलाम कमी करायला सात महिने लागले. दर दोन-तीन आठवड्यांनी मात्रा थोडीशी उतरवायची, आणि त्रास झाला तर तिथेच थांबायचे. आजोबांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास आम्ही महिनाभर अडकलो. त्या वेळी डॉक्टरांनी आज्जींना विचारले, "झोप येत नाही तेव्हा काय आठवतं?" आज्जी म्हणाल्या, "शेजारची खाट रिकामी आहे, ती दिसते. ती कुणी उचललीच नाही." अकरा वर्षांत आम्ही कुणी हे विचारले नव्हते. पंधरा दिवसांच्या गोळीने त्या प्रश्नाची जागा घेतली होती.

वडिलांनी खाट हलवली. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते आज्जींजवळ बसू लागले. आता आज्जी पडत नाहीत, दुपारी जाग्या असतात. स्मृती मात्र सगळी परत आली नाही. पुढच्या तपासण्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसली आहे, आणि ती पूर्ण थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. पण त्यांचे किती विसरणे गोळीचे आणि किती आजाराचे, हे आता आम्हाला ठाऊक आहे.

वाचकांसाठी थोडेसे

घरातील वृद्ध व्यक्ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागली, ओळखेनाशी झाली, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू येतो. एकाएकी येणारा संभ्रम ही तातडीची अवस्था आहे. तिच्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, तुंबलेली लघवी, नवे औषध किंवा अचानक बंद झालेले औषध वा मद्य असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि जाताना घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात.

उपवास, चौविहार किंवा दीर्घ तपश्चर्या करणाऱ्यांनी मानसोपचाराची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. पर्वाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे. वेळा आणि मात्रा बसवून घेता येतात. लिथियम घेणाऱ्यांनी तर पाणी सोडण्यापूर्वी विचारलेच पाहिजे, कारण शरीरातील पाणी घटले की त्याची रक्तातील पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते.

मानसिक त्रासासाठी शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदतक्रमांक आहेत.

आणि जो सांभाळतो, त्याचीही चौकशी करावी. आपल्या परंपरेत रुग्णाच्या सेवेला वैयावृत्त्य म्हणतात आणि तिची गणना आभ्यंतर तपात होते. प्रत्यक्षात हे तप बहुतेक घरांत एकटी सून करीत असते. व्हरांड्यात डबा घेऊन बसलेल्या त्या सुनेला आजोबांचे सगळे ठाऊक होते, कारण गेली कित्येक वर्षे रात्री त्यांना उचलून अंथरुणावर निजवणारी तीच होती. आमच्या डॉक्टर तिच्याशेजारी बसेपर्यंत तिला कुणी काही विचारले नव्हते. आजोबा घरी जायला निघाले त्या दिवशी मी तिला विचारले, "तुम्हाला झोप लागते का?" ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बसा की मॅडम, सांगते."